खेळाची पत

२०२४ सालच्या उन्हाळ्यात आम्ही काही दिवस उत्तर इंग्लंडात एका नातलगाकडे मुक्कामाला होतो. ग्रंथालये पाहून झाली होती, दोनचार लेखकांची जपून ठेवलेली घरेही पाहून झाली होती. एका संध्याकाळी यजमानांनी काहीशा संकोचानेच विचारले, "स्पीडवे पाहायला येणार का? तुम्हांला आवडेलच असे नाही." हा संकोच बहुधा आमच्या प्राध्यापकीपोटी असावा. मराठी साहित्य शिकवणाऱ्या माणसाने माती उडवणाऱ्या मोटरसायकली पाहाव्यात यात काहीतरी विजोड आहे, असे त्यांना वाटले असणार. आम्हांलाही थोडेफार तसेच वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

मैदान लहानसे होते. आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कार्यक्रमपत्रिका, हातात पेन. प्रत्येक शर्यतीनंतर ते चौकटीत आकडे भरत, बेरीज करीत आणि मगच मान वर करीत. त्यांच्या पत्रिकेत यजमान संघाच्या पहिल्या क्रमांकाच्या स्वाराचे छापील नाव सरळ रेघ मारून खोडलेले होते आणि वर दुसरे नाव लिहिलेले होते. आम्ही कुतूहलाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आमचा माणूस जखमी आहे. त्याच्या जागी आज दुसऱ्या क्लबचा आला आहे. पाहुणा."

"म्हणजे हा प्रतिस्पर्धी क्लबचा स्वार?"

"हो. पुढच्या महिन्यात इथेच आमच्याविरुद्ध उतरेल."

"तुम्हांला याची सवय झाली असेल."

"सवय होते," ते म्हणाले, "खात्री वाटत नाही."

त्या रात्री आम्ही पंधरा शर्यती पाहिल्या. परंतु घरी आलो ते हे एक वाक्य घेऊन. पुढे वर्षभर आम्ही या खेळाविषयी मिळेल ते वाचत राहिलो. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा आणि त्या वाक्याचा हिशेब आहे.

ज्यांनी स्पीडवे पाहिलेले नाही (आणि आपल्याकडे बहुतेकांनी ते पाहिलेले नसणार) त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. लंबवर्तुळाकार मार्ग, त्यावर भरड तांबूस माती. चार स्वार, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. पाचशे सीसीचे इंजिन, इंधन मिथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक नाही. वळणावर वेग आवरायचा तो मागचे चाक मुद्दाम घसरवून. पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेला वळलेले, डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा, आणि तो पाय जमिनीवर घासत ठेवून स्वार गाडी आडवी करतो. पाहणाऱ्याला वाटावे की हा आता पडणार. वस्तुतः ही घसरणच त्याचे नियंत्रण असते. एक शर्यत जेमतेम मिनिटभर चालते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार असल्याने प्रत्येक शर्यतीत सहा गुणांची वाटणी होते, आणि अशा पंधरा शर्यतींची बेरीज म्हणजे सामना. म्हणजे दोन तासांच्या संध्याकाळीत खरी शर्यत पंधरासोळा मिनिटांची. उरलेला वेळ ट्रॅक्टरने माती सारखी करण्यात, वाट पाहण्यात आणि हिशेब लिहिण्यात जातो.

न्यायदानाची रीत आम्हांला विशेष आवडली. प्रत्येक स्वाराच्या शिरस्त्राणाला रंग असतो. यजमान संघाचे लाल आणि निळा, पाहुण्यांचे पांढरा आणि पिवळा. सुरुवातीच्या फिती वर जाण्याआधी कोणी त्यांना शिवला, किंवा कोणी कोणाला पाडले, तर रेफरी त्या रंगाचा दिवा लावतो. न्याय सर्वांना एकाच क्षणी, दुरून आणि भाषेवाचून कळतो. इतका उघडा न्याय असलेल्या खेळाच्या विश्वासार्हतेविषयी शंका का घेतली जावी, हा प्रश्न आम्हांला प्रथम पडला. उत्तर हळूहळू मिळाले. या खेळातील शंका शर्यतीविषयी फारशी नसते. शर्यतीला जे नाव दिले जाते, तिच्यावर जो संघाचा, लीगचा, विजेतेपदाचा शिक्का मारला जातो, त्याविषयी ती असते.

मराठीत यासाठी 'पत' असा एक सुंदर शब्द आहे. तो सावकाराच्या वहीतला आहे आणि गावातल्या चारचौघांतलाही. पत मागून मिळत नाही, आणि गेल्यावर जाहिरात देऊन परत आणता येत नाही. आपल्या कुस्तीशौकिनांना 'नुरा कुस्ती' ठाऊक आहे. जोड आधीच ठरलेली, पडणारा आधीच ठरलेला. तिथे फसवणूक उघड असते. स्पीडवेमध्ये कोणी पडायचे ठरवून पडत नाही. तीस-चाळीस सेंटीमीटरच्या अंतराने चार गाड्या वळणात शिरत असताना तसे ठरवणे वेडेपणाचे होईल. तरीही या खेळाची पत शंभर वर्षे खालीवर होत आली आहे, आणि ती कशामुळे हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकालाही उद्बोधक ठरावे.

गंमत अशी की या खेळाच्या जन्मतारखेपासूनच वाद आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे १९२३ मध्ये जत्रेच्या मैदानावर झालेल्या शर्यती हा प्रारंभ मानण्याची प्रथा आहे, परंतु तो मानही निर्विवाद नाही. ब्रिटनमध्ये लंडनबाहेरील एपिंगच्या जंगलात, हाय बीच येथे 'किंग्ज ओक' या हॉटेलामागील मार्गावर १९ फेब्रुवारी १९२८ रोजी झालेली शर्यत सर्वसाधारणपणे पहिली समजली जाते. आयोजकांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पट अधिक माणसे त्या दिवशी लोटली. मात्र त्याआधी मे १९२७ मध्ये कॅम्बर्ली येथे शर्यती झाल्या होत्या. त्या पहिल्या का नव्हेत? तर तिथे स्वार घड्याळाच्या दिशेने धावले, आणि मार्ग वाळूचा होता. मँचेस्टरजवळच्या ड्रॉइल्सडेनचाही असाच एक दावा आहे. आपल्याकडे पहिली कादंबरी कोणती यावर जे वाद झाले, त्यांची जातकुळी हीच. कोणते लक्षण आवश्यक धरायचे हे आधी ठरले की पहिलेपण आपोआप ठरते.

हाय बीचनंतर खेळ झपाट्याने पसरला. १९२९ मध्ये लीग सुरू झाल्या, आणि १९३६ मध्ये वेंब्लीला पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. तिचा निकाल आजही मन लावून वाचण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन हा त्या रात्री आपल्या पाचही शर्यती जिंकला. एकही गुण त्याने गमावला नाही. तरी तो तिसरा आला. कारण आधीच्या फेऱ्यांतील कामगिरीचे जादा गुण अंतिम स्पर्धेच्या गुणांत मिळवले जात होते. त्या बेरजेत लायोनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन यांची बरोबरी झाली, आणि निर्णायक शर्यत जिंकून व्हॅन प्राग जगज्जेता ठरला. नियम आधीपासून जाहीर होता. कोणीही लबाडी केली नव्हती. परंतु ज्याला कोणी हरवले नाही तो हरला, हे प्रेक्षकाला कसे पटवायचे? दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, विल्किन्सन जगज्जेता झाला, तेव्हा पहिल्या निकालाची बोच थोडी कमी झाली असावी. आमच्या मते या खेळातील विश्वासार्हतेचा सगळा प्रश्न त्या एका रात्रीत बीजरूपाने आहे. हिशेब बरोबर असू शकतो आणि तरीही खरा वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर खेळाला जे दिवस आले ते पुन्हा कधी आले नाहीत. १९४९ च्या अंतिम स्पर्धेला वेंब्लीवर ९३,००० माणसे होती, आणि टॉमी प्राइस हा पहिला इंग्लिश जगज्जेता ठरला. रेशनच्या, अंधाऱ्या दिवसांत आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी दिवे, आवाज आणि वेग मिळत होता. मग पन्नाशीचे दशक आले. भारी करमणूक कर, घरोघर आलेला टेलिव्हिजन आणि बदललेल्या सवयी यांनी मैदाने रिकामी होत गेली. १९५७ मध्ये वेंब्लीचे सर्वेसर्वा सर आर्थर एल्विन वारले आणि 'वेंब्ली लायन्स' हा सर्वांत वलयांकित संघ लीगमधून बाहेर पडला. दशक संपताना व्यावसायिक संघ हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरले.

पहिले पुनरुज्जीवन यानंतरचे आहे, आणि ते वरून झाले नाही. १९६० मध्ये काही प्रमोटरांनी 'प्रॉव्हिन्शियल लीग' काढली. लहान शहरे, बंद पडलेली मैदाने, नवखे किंवा उतारवयाचे स्वार. मोठ्या लीगच्या दृष्टीने हे दुय्यम प्रकरण होते, पण माणसे येऊ लागली. दोन्ही लीगमध्ये तंटा विकोपाला गेला, आणि १९६४ चा हंगाम प्रॉव्हिन्शियल लीगने अधिकृत मान्यतेवाचून, बहिष्कृत म्हणून खेळला. त्या बहिष्कृतांत न्यूकॅसलकडून धावणारा इव्हान मॉजर हा न्यूझीलंडचा तरुण होता. पुढे तो सहा वेळा जगज्जेता झाला. म्हणजे अधिकृत शिक्का एका बाजूला होता आणि खेळाचे भविष्य दुसऱ्या बाजूला. तंटा मिटवण्यासाठी जी चौकशी नेमली गेली तिचे प्रमुख होते लॉर्ड शॉक्रॉस, म्हणजे न्यूरेंबर्गच्या खटल्यात ब्रिटनची बाजू मांडणारे सरकारी वकील. इतक्या मोठ्या न्यायकर्त्यासमोर मातीतल्या शर्यतींचे भांडण जावे यात विनोद आहे, आणि गांभीर्यही आहे. १९६५ मध्ये दोन्ही लीग एकत्र होऊन अठरा संघांची 'ब्रिटिश लीग' उभी राहिली. तिचा पहिला विजेता वेस्ट हॅम. सत्तरच्या दशकाचा बहर या तडजोडीतून आला.

मात्र त्याच तडजोडीत आजच्या अडचणीचे मूळही आहे. लीग जगायची तर सामने चुरशीचे हवेत. चुरस हवी तर संघ समबल हवेत. मग स्वारांची वाटणी करणारी समिती आली. पुढच्या काळात सरासरीची मर्यादा आली. प्रत्येक स्वाराच्या गुणांची सरासरी काढायची, आणि संघातील सर्वांच्या सरासरींची बेरीज ठरावीक आकड्यापेक्षा अधिक होता कामा नये. परिणामी जो संघ एखाद्या वर्षी फार चांगला खेळतो, त्याच्या स्वारांच्या सरासरी वाढतात, बेरीज मर्यादेबाहेर जाते, आणि पुढच्या हंगामाला विजेता संघ मोडावा लागतो. चांगल्या कामगिरीचे फळ विभक्त होणे. दुखापती या खेळात रोजच्या, म्हणून पाहुणे स्वार आले. स्वार कमी, म्हणून एकाच स्वाराने वरच्या आणि खालच्या अशा दोन लीगमध्ये दोन वेगळ्या संघांकडून धावायची सोय आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तर बऱ्याच गुणांनी मागे पडलेल्या संघाला एका शर्यतीत आपल्या स्वाराचे गुण दुप्पट करून घेता येत असत, आणि सहा गुणांच्या शर्यतीचा निकाल ८–१ असा लागू शके. सामना शेवटपर्यंत जिवंत राहावा हा हेतू होता. पण चुरस दुप्पट करता येते, विश्वास दुप्पट करता येत नाही, हे ध्यानात यायला वेळ लागला. कालांतराने तो नियम गेला.

यातील प्रत्येक नियमाला कारण आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. सरासरीची मर्यादा नसती तर श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले स्वार घेतले असते. पाहुणा नसता तर जखमी स्वाराच्या संघाला तीन महिने हरत राहावे लागले असते आणि गेटवरचे उत्पन्न बुडाले असते. शिवाय स्वार एका देशात राहत नाहीत. पोलंड, स्वीडन, डेन्मार्क आणि ब्रिटन यांच्या लीग एकाच उन्हाळ्यात चालतात, आणि पैसा पोलंडमध्ये सर्वांत जास्त आहे. २०१३, २०१५ आणि २०१८ चा जगज्जेता, ब्रिटनचा ताय वॉफिन्डन, २०१६ नंतर कित्येक हंगाम स्वदेशाच्या लीगमध्ये धावलाच नाही. २०२३ मध्ये तो शेफील्डकडून परतला. त्याला दोष कोण देईल? मार्च २०२५ मध्ये पोलंडमधील क्रॉस्नो येथे झालेल्या भीषण अपघातात त्याचे शरीर किती ठिकाणी मोडले हे वाचले, की हा माणूस कुठे आणि किती पैशांत धावतो याचा हिशेब मागण्याची लाज वाटते.

पण सगळी कारणे मान्य करूनही एक गोष्ट उरते. हे नियम करतात कोण? प्रमोटरांची संघटना. म्हणजे ज्यांचे संघ लढतात तेच हिवाळ्यात एकत्र बसून लढाईचे नियम ठरवतात. ज्याला आपण पंच म्हणतो तो मैदानावर स्वतंत्र असेल, परंतु नियमांच्या टेबलावर पंच नाही. मग दर वर्षी बदलणारा आकडा, दर वर्षी बदलणारी सवलत, आणि प्रत्येक बदलामागे कोणाचा तरी फायदा शोधणारा प्रेक्षक. असा शोध चुकीचा असेलही. पण ज्या व्यवस्थेत तो शोधावासा वाटतो, तिची पत आधीच उतरलेली असते.

दुसरी अडचण जमिनीची. ब्रिटनमधील बहुतेक क्लब भाडेकरू आहेत. मैदान कोणा कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्याचे, कोणा बांधकाम कंपनीचे किंवा प्रदर्शनाच्या संस्थेचे असते. २०१६ चा लीग विजेता वुल्व्हरहॅम्प्टन, २०१७ आणि २०१९ चा विजेता स्विंडन, २०२१ चा विजेता पीटरबरो. २०२३ च्या अखेरीस या तिघांपैकी एकाकडेही मैदान नव्हते. विजेतेपद मिळवूनही घर जाते, हा अनुभव अन्य खेळांत क्वचितच येत असेल. कोव्हेन्ट्रीच्या ब्रँडन मैदानावर २०१६ नंतर शर्यत झाली नाही. पुढे तिथे मोडतोड झाली आणि आगी लागल्या. २०२० चा हंगाम तर महामारीमुळे झालाच नाही. अशा स्थितीत 'पुनरुज्जीवन' हा शब्द उच्चारणेही धाडसाचे वाटावे.

तरीही तो शब्द उच्चारावा असे काही घडले आहे, आणि त्याचा आरंभ एका नामुष्कीत आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू क्लबासाठी 'नॅशनल स्पीडवे स्टेडियम' बांधले गेले. एका अर्थी हे या खेळाने अनेक वर्षांत स्वतःसाठी मिळवलेले पहिले खरे घर होते. १९ मार्च २०१६ रोजी उद्घाटनाचा सामना ठरला. प्रेक्षक आत आले, आणि मार्गाची अवस्था धावण्याजोगी नाही म्हणून सामना रद्द झाला. भरल्या मंडपातून वऱ्हाड परतावे तसे लोक परतले. नव्या घराच्या उंबरठ्यावरच पत गेली. या प्रसंगाकडे हास्यास्पद म्हणून पाहणे सोपे आहे. आम्हांला मात्र त्यात दुसरे काही दिसते. त्या रात्री स्वारांना रेटून धाववले असते, तर उद्घाटन पार पडले असते, तिकिटांचे पैसे परत द्यावे लागले नसते, आणि कोणाचा तरी मणका मोडला असता. तेव्हा शर्यत न होणे हाच त्या संध्याकाळचा खरा निकाल होता.

त्याच मैदानावर ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनने 'स्पीडवे ऑफ नेशन्स' ही सांघिक जागतिक स्पर्धा अंतिम शर्यतीत पोलंडला मागे टाकून जिंकली. रॉबर्ट लँबर्ट आणि डॅन ब्यूली हे दोन तरुण, आणि १९८९ नंतरचे ब्रिटनचे पहिले सांघिक जगज्जेतेपद. त्या स्पर्धेची रचनाही विल्किन्सनच्या रात्रीची आठवण करून देणारी होती, कारण दोन दिवसांच्या गुणांची बेरीज काहीही असो, सुवर्णपदक शेवटच्या एका शर्यतीवर ठरत होते. पत मिळाली तरी प्रश्न सुटत नाही तो असा. ऑक्सफर्डच्या मैदानावरील स्पीडवे २००७ मध्ये बंद पडले, ते मैदान घरबांधणीच्या योजनेत जाता जाता वाचले, आणि एप्रिल २०२२ मध्ये तिथे पुन्हा फिती वर गेल्या. आणि ब्रिटिश ग्रांप्री, जी २००१ पासून, महामारीची दोन वर्षे वगळता, कार्डिफच्या अवाढव्य स्टेडियममध्ये तात्पुरती माती टाकून भरत असे, ती २०२५ मध्ये मँचेस्टरला, काही हजारांच्या त्या लहान मैदानात आली. वर्तमानपत्री भाषेत ही पीछेहाट आहे. पण तात्पुरत्या मातीवरची मोठी रात्र आणि स्वतःच्या मातीवरची लहान रात्र यांत निवड करायची, तर आम्ही दुसरी निवडू. १९६० चे पुनरुज्जीवनही लहान होण्यातूनच झाले होते.

इथपर्यंत आमचे वाचन आणि विचार एका सुरक्षित अंतरावरून चालले होते. परदेशातील एका खेळाच्या पडझडीविषयी हळहळणे सोपे असते. गेल्या जूनमध्ये आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. सेट उत्तीर्ण, पीएच. डी. पूर्ण होत आलेली, आणि गेली काही वर्षे तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत मराठी शिकवणारा. आम्ही सहज विचारले, "तू आता नेमका कुठल्या कॉलेजात आहेस?"

"सोमवार-मंगळवार इकडचा, सर," तो हसून म्हणाला, "बुधवारपासून तिकडचा. युवा महोत्सवात दोन्ही कॉलेजांची एकांकिका मीच बसवली होती. एकमेकांसमोर आली."

"मग?"

"मग काय, दोन्हीकडे जीव ओतला."

तो गेल्यावर आम्हांला ते गृहस्थ आठवले, आणि पत्रिकेवरची ती रेघ आठवली. तोवर आम्ही पाहुण्या स्वाराकडे खेळाच्या दूषित झालेल्या हिशेबाची खूण म्हणून पाहत होतो. पण त्या संध्याकाळी त्याला आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. परक्या क्लबाचे जाकीट अंगावर घालून तो पहिल्या वळणात दोन गाड्यांच्या मधल्या फटीत शिरला होता, आणि त्याने थ्रॉटल सोडला नव्हता. ब्रेक नसलेल्या गाडीवर खोटे धावता येत नाही. त्याच्या धावण्यात कसलीही लबाडी नव्हती. ज्या व्यवस्थेला त्याची गरज दर आठवड्याला पडते, आणि ती गरज नेहमीची आहे हे जी मान्य करीत नाही, तिच्या हिशेबात खोट होती.

आणि ती व्यवस्था म्हणजे कोणी दूरची माणसे नव्हेत. आमच्या विभागाच्या वेळापत्रकावर सही आमची असते. 'तात्पुरती व्यवस्था' हे शब्द त्यावर आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले आहेत, आणि एकाहून अधिक वर्षे लिहिले आहेत. विद्यार्थ्यांची संख्या टिकावी, विषय बंद पडू नये, यासाठी ते आवश्यक होते, असे आमचे समर्थन आहे. प्रमोटरांचेही हेच समर्थन आहे. विभाग जगला, हे खरे. पण वर्गात बसणाऱ्या मुलांना समोरचा माणूस पुढच्या वर्षी इथे असेल का हे ठाऊक नसते, आणि आम्ही मात्र त्यांना कादंबरीतील विश्वसनीयता शिकवीत असतो. पात्राचे वर्तन संभाव्य आणि अपरिहार्य वाटले पाहिजे, असे आम्ही सांगतो. मुले वहीत उतरवून घेतात. सवय होते, खात्री वाटत नाही.

पुनरुज्जीवन म्हणजे गर्दी परत येणे, अशी आपली समजूत असते. वेंब्लीचे त्र्याण्णव हजार पुन्हा येणार नाहीत, आणि आमच्या विषयाच्या वर्गाबाहेर उभ्या राहणाऱ्या रांगाही. त्या येण्यावर पुनरुज्जीवन अवलंबून असेल तर ते झालेले नाही आणि होणार नाही. मग उरते ते इतकेच, की जे थोडे शिल्लक आहे त्याचा हिशेब उघडा ठेवावा. मार्ग धोक्याचा असेल तर सामना रद्द करावा. पाहुणा असेल तर त्याला पाहुणा म्हणावे, आणि दर हंगामाला पाहुणेच लागत असतील तर घरच्यांची भरती का होत नाही, हा प्रश्न नियमांच्या टेबलावर मांडावा. यंदा वेळापत्रकासोबत आम्ही असे एक पत्र जोडले आहे. त्याने काय होईल याविषयी आमचा फारसा भ्रम नाही. परंतु सही करताना हात थोडा कमी अडखळला.

त्या रात्री शेवटच्या शर्यतीनंतर गर्दी पांगू लागली, तरी आमच्या शेजारचे गृहस्थ बसूनच होते. त्यांनी पाहुण्याच्या रकान्यातील गुणांची बेरीज केली, ती पुन्हा तपासली आणि खाली गोल केला. मग वरच्या खोडलेल्या नावाकडे पाहून आम्ही विचारले, की छापील नावाखालीच गुण लिहिले तर चालत नाहीत का, संघाचे गुण तर तेवढेच राहतात.

"छे," ते म्हणाले, "हे त्याने केले आहे." आणि पत्रिका नीट दोन घड्या घालून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.